सतराव्या क्रमांकाची खुर्ची

“दहा वर्षं तुम्ही आमचे पाय चोरत आला आहात,” सचिवांनी वाचलं आणि चष्म्यावरून अध्यक्षांकडे पाहिलं.

“वाचा पुढे,” अध्यक्ष म्हणाले. “पत्र आलंय तर ऐकायला नको?”

सचिवांनी घसा खाकरला. “‘आम्ही दुकानांत दहा-दहा तास उभ्या असतो. मागे भिंत असते, टेकायचं नाही. कोपऱ्यात स्टूल असतं, ते गिऱ्हाइकाच्या पिशवीसाठी. आम्हाला बसू द्या म्हणणारी एक ओळ दर वर्षी तुमच्या दारात येते आणि दर वर्षी तुम्ही ती यादीतून गाळता. तोंडावर नाही म्हणायची हिंमत तुमच्यात नाही. हे कोण करतं? आम्हाला नाव हवं. उत्तर द्या.’ खाली चाळीस सह्या आहेत.”

“उभं राहून राहून डोकी तापलीत बायकांची,” ठेकेदार म्हणाले. निवडून येण्याआधी ते रस्ते बांधायचे. निवडून आल्यावर रस्ते मेहुण्याच्या नावावर गेले, पण टोपणनाव यांच्याकडेच राहिलं.

मास्तरणीने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. पत्र तिला पाठ होतं. तीन आठवड्यांपूर्वी, कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून तिनेच ते तपासलं होतं. धाकटीने लिहिलं होतं, ‘कृपया विचार व्हावा.’ मास्तरणीने लाल पेनाने त्यावर काट मारली.

“कृपया कशाला? चोराला कृपया म्हणतात का?”

“अगं ताई, पण त्या समितीत तूही आहेस ना?”

“म्हणून तर सांगते. आत एकटीने ओरडून माझा घसा बसलाय. आता तुम्ही बाहेरून ओरडा.”

कायदा सभागृहात होतो, असं शाळेच्या पुस्तकात छापलेलं असतं. मास्तरणीने बावीस वर्षं तेच शिकवलं होतं. खोटं आहे. कायदा होतो या खोलीत, सात माणसांच्या टेबलावर. विधेयकावर किती तास बोलायचं, कोणत्या दुरुस्त्या मांडू द्यायच्या, कोणती आधी, कोणती नंतर, हे ही समिती ठरवते. इथल्या यादीत जे नाही ते सभागृहातही नाही. प्रत्येक विक्रेतीमागे एक खुर्ची, आणि समोर गिऱ्हाईक नसेल तेव्हा तिच्यावर बसायची मुभा, एवढीच मास्तरणीची दुरुस्ती होती. दहा वेळा ती या टेबलावर मेली. गेल्या निवडणुकीनंतर मात्र वारं फिरलं. आता सातातले चार जण खुर्चीच्या बाजूचे होते आणि सभागृहातही बेरीज जुळत होती. बेरजा तिला चुकत नसत, शाळेत गणितही तीच शिकवायची.

चुकलं ते वेगळंच. या वर्षी यादीत त्या ओळीपुढे नाव तिचं नव्हतं. वकीलीणबाईंचं होतं.

पहिल्यांदाच निवडून आलेली बाई, वय बत्तीस. दुरुस्त्या स्वीकारण्याच्या दिवशी खिडकी उघडण्याआधी तासभर ती रांगेत उभी होती. मास्तरीण नेहमीसारखी चहा-बिहा घेऊन सावकाश गेली. दहा वर्षं त्या ओळीवर कुणी थुंकलंही नव्हतं, घाई कसली? नियम असा की दोन दुरुस्त्या सारख्या असतील तर आधी आलेली मांडली जाईल, नंतरची तिच्यात मिसळली असं धरलं जाईल. हा नियमही मास्तरणीचाच. तीन वर्षांपूर्वी ठेकेदारांच्या माणसांनी एकच दुरुस्ती वीस नावांनी आणून वेळ खाल्ला होता, तेव्हा तिनेच तो लिहिला आणि सगळ्यांनी बाकं वाजवली होती.

“बाई, आपलेच दात आपलेच ओठ,” ठेकेदार तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले.

“तुम्ही तुमचे दात सांभाळा. दोनच उरलेत.”

दार उघडलं. वकीलीणबाई आत आली. यादीतल्या प्रत्येकाला समितीपुढे तीन मिनिटं मिळत. तिच्या हातात एकच कागद होता. मास्तरीण दहा वर्षं तीन फायली घेऊन यायची.

“पत्र लिहिणाऱ्या बायकांच्या दुकानात मी दोन तास त्यांच्यासोबत उभी राहिले,” वकीलीणबाई म्हणाली. “दोनच तास. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मला कठड्याला धरावं लागलं. त्या रोज दहा तास उभ्या असतात. ही सोय मागत नाहीयेत त्या. हा हक्क आहे.”

शेवटची दोन वाक्यं मास्तरणीची होती, शब्दन्‌शब्द. दहा वर्षं तीच वाक्यं तिने या खोलीत म्हटली होती तेव्हा कुणी घड्याळ बघायचं, कुणी नखं. आज समितीतल्या डॉक्टरसाहेबांनी मान हलवली. अध्यक्षांनी काहीतरी टिपून घेतलं.

आणि दुकानातल्या त्या दोन तासांचं मास्तरणीला धाकटीनेच सांगितलं होतं, कौतुकाने. “पोरगी गुणी आहे गं ताई. शिडीवर चढून कापडाचं थान काढून दिलं तिने मला. म्हणाली, मावशी, तुम्ही चढू नका.” मावशी! मास्तरणीने त्या दुकानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. बहिणीचे पाय ती घरीच बघायची, टबातल्या मिठाच्या पाण्यात, पोटऱ्यांवर दोऱ्यासारख्या निळ्या शिरा. तिला वाटायचं, आपण लढतोय तेवढं पुरे आहे.

जाताना वकीलीणबाई तिच्या खुर्चीपाशी थांबली.

“मॅडम, तुमची सगळी भाषणं वाचूनच मी मसुदा केलाय. सभागृहात बोलताना तुमचं नाव घेईन मी.”

“घ्या की,” मास्तरीण हसून म्हणाली. नाव घेईन! नाव मेलेल्यांचं घेतात. ती हसली तेव्हा तिच्या बोटांनी पत्राच्या प्रतीचा कोपरा मुडपला, पुन्हा मुडपला, आणि तो तुटून हातात आला.

दार बंद झालं. अध्यक्षांनी यादी पुढे ओढली.

“सतरा दुरुस्त्या आहेत, वेळ तीन तास. नेहमीसारखं कलमांच्या क्रमाने घेऊया? म्हणजे ही खुर्चीची तिसरी येते.”

वेळ संपला की उरलेल्या दुरुस्त्या मांडल्याच गेल्या नाहीत असं धरायचं, हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. तीन तासांत फार तर तेरा होतात, हेही.

मास्तरणीने हात वर केला.

“माझी एक सूचना आहे. या खेपेला खर्चाच्या आणि दंडाच्या दुरुस्त्या आधी घ्याव्यात. त्यांवर खरी चर्चा व्हायला हवी.” ती थांबली. “सोयीच्या शेवटी घेता येतील.”

सचिवांचं पेन थांबलं, मग चाललं. डॉक्टरसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, बाईंनी खुर्चीसाठीच काही डाव टाकला असेल. दहा वर्षं जी बाई या ओळीसाठी भांडली तिच्यावर कोण संशय घेणार?

दहा वर्षं विरोध करणारे ठेकेदार मात्र खुर्चीत मागे रेलले. त्यांनी मास्तरणीचं तोंड सावकाश न्याहाळलं, ओळखीचं दुकान नव्या गल्लीत दिसावं तसं.

“अनुमोदन,” ते म्हणाले. बाकीच्यांनी हात वर केले, आणि खुर्ची तिसऱ्या क्रमांकावरून सतराव्यावर गेली.

नियमाला तोंड नसतं, म्हणून त्याच्या तोंडून कुणीही बोलू शकतं.

मंगळवारी चर्चा झाली. वरच्या सज्जात धाकटी दुकानातल्या नऊ जणींसोबत आली होती. कामाच्या दिवशी भरदुपारी त्या बसलेल्या होत्या, आणि त्यांना ते जमत नव्हतं. कुणी पदर सारखा करत होती, कुणी उगाच अर्धवट उठून पुन्हा बसत होती. दंडाच्या रकमेवर भांडणं झाली. नोंदणी-शुल्कावर ठेकेदार चाळीस मिनिटं बोलले. नोंदणी-शुल्काबद्दल त्यांना एवढं प्रेम असेल हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाराव्या दुरुस्तीवर मतदान झालं तेव्हा घड्याळाचा काटा तिसऱ्या तासाच्या टोकाला टेकला होता.

हातोडा वाजला.

“वेळ संपला आहे. क्रमांक तेरा ते सतरा मांडण्यात आल्या नाहीत असं धरण्यात येत आहे.”

वकीलीणबाई आपल्या जागी उभी राहिली होती. तिच्या हातात तोच एक कागद होता. तिचा माईक सुरूच झाला नाही. ती बराच वेळ तशीच उभी होती. खाली बसायचं असतं हे ती विसरली होती बहुतेक.

मास्तरणीला छातीत गार वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी घशाखाली उतरतं तसं. तिने ते पुरतं भोगलं. मग तिची नजर सज्जाकडे गेली. धाकटी बाकीच्या जणींना काहीतरी समजावत होती. झालं, संपलं, चला, असं असावं. नऊ जणी एका रांगेत जिना उतरल्या, कठड्याला धरून.

संध्याकाळी मास्तरीण बहिणीकडे गेली. दर मंगळवारी ती जातेच, आज न जाणं वाईट दिसलं असतं. धाकटी ओट्याशी उभी होती, भांडी पुसत. टब कोरडाच कोपऱ्यात होता.

“आज पाय नाही बुडवलेस?”

“आज बसलेच होते की दुपारभर. तुमच्याकडे गाद्या छान आहेत.”

“पुढच्या वर्षी पुन्हा आणू,” मास्तरीण म्हणाली. “या वेळी वेळच पुरला नाही. बघितलंस ना, तो ठेकेदार किती बोलला?”

“बघितलं.” धाकटीने वाटी पालथी ठेवली. “ती पोरगी जिन्यात भेटली. रडत होती. म्हणाली, मावशी, माझंच चुकलं, मी नवी आहे. मी म्हटलं, तुझं कसलं चुकलं?”

मास्तरणीने पुसलेली वाटी उचलून फळीवर ठेवली.

धाकटीने फडकं खांद्यावर टाकलं आणि डब्याखालून एक घडी घातलेला कागद काढला. यादी होती, सज्जात प्रत्येकीला दिलेली.

“आमच्या दुकानात एक रीत आहे ताई. एखादीचा माल खपू द्यायचा नसला ना, की तिची थानं सगळ्यात वरच्या फळीवर लावायची. कुणी नाही म्हणत नाही. गिऱ्हाइकाला दाखवायचंच असतं, फक्त शेवटी. तोवर गिऱ्हाईक थकतं नि निघून जातं.” ती यादीकडेच बघत होती. “मालक नाही करत हे. आम्हीच करतो, एकमेकींचं. एका नव्या पोरीचा हात माझ्यापेक्षा चालायला लागला, तेव्हा मीही केलंय. सहा महिने. म्हणून मला हे वाचता येतं.”

“हे बघ, क्रम समिती ठरवते. सात जण असतात.”

“कलम चारची आहे ही. हिच्या मागची-पुढची सगळी कलमं आधी आलीत. ही एकटीच उचलून खाली टाकलीय.”

मास्तरणीने टेबलाखालची खुर्ची बाहेर ओढली. खुर्चीचे पाय फरशीवर कर्रकन घासले.

“तू बस ना आधी. दिवसभराची...”

धाकटीने खुर्चीकडे पाहिलं. मग एक पाऊल मागे सरकून ती भिंतीपाशी उभी राहिली. न टेकता, दुकानात उभी राहते तशी.

“पत्रातलं कृपया तू खोडलंस. बरं केलंस. आता मीही कृपया म्हणणार नाही.” तिने यादी उघडून टेबलावर ठेवली आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. “सतरावा नंबर कुणी दिला? समिती नको सांगूस. नाव सांग, मग बसते.”