कौसल्येच्या नाकाखालची किटली

मित्रांनो, मी सुप्याच्या मानसिंगची जुनी दुधाची किटली. अंगावर पोचे, झाकणाला साखळी आणि स्वभाव संशयी. तो मूळचा नाही हं! बारामतीच्या बाजारातून आले तेव्हा मी लखलखीत होते आणि भोळीही. डेअरीत लोक म्हणायचे, "दूध असावं तर मानसिंगरावांचं!" मी फुगून जायचे.

मग त्याला दारूची चटक लागली. डेअरीत दूध घातलं की माझ्या रिकाम्या पोटात बाटली ठेवायची, झाकण दाबायचं आणि साळसूदपणे घरी यायचं. त्याची बायको कौसल्या काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. दारातच मला हिसकावून ती हुंगायची. वास आला की भांडण, आणि भांडणात मी अंगणात. दारू त्याची, पोचे मला!

एकदा ती बाटली माझ्यातच सांडली. दुसऱ्या दिवशी डेअरीवाल्यानं चारचौघांत दूध परत केलं. मानसिंगची मान खाली गेली. घरी येऊन त्यानं खंडोबाचा भंडारा उचलला. "आजपास्नं थेंब न्हाय!"

"व्हय व्हय, बघू," कौसल्या म्हणाली. मीही मनात तेच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध माझ्यात ओतताना त्याचे हात लटलट कापायला लागले. निम्मं दूध खाली. अंग घामानं निथळत होतं. "कौसल्ये, भिंतीवर मुंग्या बघ किती!" भिंतीवर एक मुंगी नव्हती.

"प्यालाय मेला!" त्याची आई बनाबाई कडाडली. "कोंड त्याला गोठ्यात. उतरंल."

"आये, भंडाऱ्याची आण, न्हाय प्यालो!"

खोटं कशाला सांगू, मलाही पटलं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. कौसल्येनं त्याला गोठ्यात ढकलून कडी घातली आणि बाटली शोधायला लागली. कडब्याखाली पाहिलं, चुलीमागं पाहिलं. शेवटी मला उचलून नाक आत खुपसलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. नुसतं दूध! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन दिवसांत माझ्यात बाटली आलीच नव्हती.

कडी काढून तिनं त्याचंही तोंड हुंगलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "आत्याबाई, वास न्हाय! न पिताच कापत्यात हे. ही दारू न्हाय, दुखणं हाय!"

शेजारच्या गेणूच्या जीपमधून त्याला बारामतीला नेलं. पिण्याचं पाणी भरून मीही गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की असं होतं. फिट येते, जीवही जातो. सोडायची, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वेळेवर आणलंत."

सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. गोळी मात्र मानसिंग घेईना. "हिनं गुंगी येती. म्हंजे नशाच की! मी भंडारा उचललाय."

"भंडारा दारूसाठी उचललात ना?" बाई म्हणाल्या. "ही रोज कमी करत आठ दिवसांत बंद करणार आहे."

त्यानं बाईंकडं संशयानं पाहिलं, मग कौसल्येकडं. तिनं मान डोलावली तेव्हा गोळी गिळली. आठव्या दिवशी त्यानं माझ्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि तिला दिलं. थेंबही सांडला नाही.

त्याला सहा महिने झाले. दर महिन्याला तो तपासणीला जातो. कौसल्या अजून रोज मला हुंगते. मित्रांनो, किटली हुंगा, माझी ना नाही. पण माणूस कापत असेल तर आधी कडी काढा आणि त्याला डॉक्टरकडं न्या. माझ्या पोच्यांचं काही नाही, माणूस पुन्हा मिळत नाही.

काल संध्याकाळी मात्र तिनं मला न हुंगताच फळीवर ठेवलं. मानसिंग दारात घुटमळला. "अगं, हुंगायची ऱ्हायली की!"

"नाक चोंदलंय माझं," ती पाठमोरीच म्हणाली.

मी संशयी, म्हणून नीट पाहिलं. नाकबिक काही चोंदलं नव्हतं.