घमेल्यातली माती

सृष्टीनं आकाशच्या शर्टाला धरून त्याला दावणीवर आदळलं. दोन म्हशी दचकून मागं सरल्या, पेंडीचं टोपलं उलटलं.

"कुणाशी लावली माझी जोड? परत बोल."

"सुलेखाशी," आकाश म्हणाला. "शर्ट सोड आधी. नवाय."

"कुणाला विचारून?"

"तिनंच फोन केला ना. म्हणली, वस्तादच्या वर्षश्राद्धाला कुस्त्या ठेवताय तर माझं नाव घ्या, पण जोड सृष्टीशीच लावा. एवढी मोठी पैलवान आपणहून येतीय, मी काय नको म्हणू का? पब्लिक बघ ना बे किती येईल."

तिनं शर्ट सोडला, पण वरचं बटण तोडूनच सोडला. आकाश बटण शोधायला शेणात वाकला. तो रामहरी वस्तादचा पुतण्या. वस्ताद गेल्यापासून गोठा तोच बघायचा, अन् गोठ्यामागच्या तालमीकडं फिरकायचा पण नाही.

"येऊ दे," सृष्टी म्हणाली. "हात मोडून पाठवते."

"अय, पुढच्या महिन्यात तिची पोलीस भरतीय."

"मंग तर मोडतेच."

पलीकडं पुतळाबाई, वस्तादची बायको, म्हशीच्या कुशीला डोकं टेकवून धार काढत होती. तिनं मान वळवली नाही. बादलीतला धारेचा आवाज चालूच राहिला.

"भांडायचं तर भाईर जा. म्हशी पान्हा चोरतात."

सृष्टी मागच्या दारानं तालमीत गेली. तालीम म्हणजे चार पत्रे अन् खाली लाल मातीचा हौद. तिनं फावडं घेतलं अन् माती खणायला लागली. खणत कसली होती, मारतच होती मातीला.

भिंतीवर सुलेखाचा फोटो होता. हातात ढाल, गळ्यात हार, शेजारी वस्ताद. वस्ताद गेला त्या आठवड्यात सृष्टीनं तो काढून शेणाच्या ढिगात फेकला होता. पुतळाबाईनं उचलला, धुतला, परत लावला. का लावला ते सांगितलं नाही.

दहावीत असताना एका सरांनी सृष्टीच्या कानाखाली वाजवली होती. तिनं तिथल्या तिथं परत वाजवली अन् दप्तर न घेताच घरी आली. तिचा बाप बायपासच्या पलीकडं रिकाम्या प्लॉटांवर मेंढ्या चारायचा. त्यानं तिला वस्तादपुढं आणून उभं केलं. म्हणाला, हिला कामाला ठेवा, नायतर कुणाचा तरी जीव घेईल.

वस्तादनं तिला धारेची बादली दिली. तिनं ती लाथेनं उडवली. वस्तादनं थोबाडीत मारली. तिनं परत मारायला हात उचलला, अन् हात पोहोचायच्या आत ती मातीत उताणी पडली होती.

"परत?" वस्ताद म्हणाला.

ती उठली, धावली, पडली.

"परत?"

दिवस मावळेपर्यंत हेच. त्या रात्री तिला जेवणाआधीच झोप लागली. तशी झोप तिला त्याच्या आधी कधी लागलीच नव्हती.

पुढं तेच रोजचं झालं. सकाळी धारा, मग मोपेडवर वस्तादच्या मागं कॅन धरून दूध घालायचं, मग माती. वस्ताद शिव्या द्यायचा, पट चुकला की पायावर काठी हाणायचा. पण कितीही जोरात आपटलं तरी तिच्या डोक्याला माती लागायच्या आधी काहीतरी टणक लागायचं. वस्तादचा पंजा. त्या पंजाची दोन बोटं वाकडी होती. म्हशीनं पाय दिला असेल, असं तिला वाटायचं. विचारायचं राहून गेलं.

बायपासला पाण्याच्या टँकरनं मोपेड उडवली तेव्हा पण ती मागंच बसली होती. ती गवतात पडली, वस्ताद चाकाखाली. ती उठली ती कॅन घेऊनच. आधी टँकरची काच फोडली, मग ड्रायव्हरला ओढला. चार माणसांनी मागं खेचलं तेव्हा कॅनला पोचे आले होते, ड्रायव्हरचे दोन दात रस्त्यावर होते, अन् दूध वाहत वाहत वस्तादच्या चपलेपर्यंत गेलं होतं.

वस्तादच्या मातीला सगळे आले. गुलमंडीचे हमाल आले, दूध घेणारी गिऱ्हाइकं आली, ज्यांच्याशी वस्तादचं कधी पटलं नाही ते जुने पैलवान आले. सृष्टी सुजलेल्या डोळ्यानं एकेक तोंड बघत होती. सुलेखा नव्हती. वस्तादची पहिली पोरगी चेली, जिच्या नावानं तो सृष्टीला रोज टोमणे मारायचा, ती पुण्याच्या तालमीतून एका दिवसासाठी पण आली नाही.

पुतळाबाई बादली घेऊन दारात उभी राहिली.

"किती खणशील? खाली पाणी लागंल."

"काकी, ती वस्तादला सोडून गेलीच कशी?"

"ती नाय गेली. त्यांनी हाकलली. मी धारेला बसले व्हते, मला ऐकू आलं. 'पुन्हा माझ्या मातीत पाय ठेवू नको.' मंग दोन दिवस जेवले नायत."

"काय केलं व्हतं तिनं?"

"मला सांगत व्हते व्हय? म्हशीशी बोलायचे तेवढं बी माझ्याशी बोलत नव्हते."

"हाकललं ते बरंच केलं मंग."

"फोटो मात्र काढू देत नव्हते," पुतळाबाई म्हणाली अन् आत गेली.

*

पुंडलिकनगरच्या मोकळ्या प्लॉटवर हलगी कडाडत होती. आकाशनं एकच ट्रॉली माती आणली होती. मधे घोटाभर थर अन् कडेला नुसती पावडर, खालून मुरमाचे खडे वर आलेले. सृष्टीनं ते सकाळीच पायानं उकरून बघितलं होतं अन् मनात धरून ठेवलं होतं.

टेबलावर वस्तादचा हार घातलेला फोटो. फोटोपुढं एक घमेलं, त्यात तालमीतल्या हौदाची लाल माती. कुस्तीला उतरणारा प्रत्येक जण त्यातली चिमूट कपाळाला लावत होता. टेबलाशेजारी खुर्चीवर पुतळाबाई.

सुलेखा आली. तिनं लांबूनच फोटोला हात जोडले, पुतळाबाईकडं बघून मान खाली घातली, अन् घमेल्याला वळसा घालून मैदानात उतरली. मातीला बोट पण लावलं नाही.

"लावंना बी," गर्दीत कुणीतरी म्हणालं. "पुण्याचं पाणी लागलंय तिला."

"आता ती गादीवरची पैलवान हाय भाऊ. कपाळ मळंल."

सृष्टीनं चिमूट घेतली नाही. तिनं मूठ भरून घेतली, कपाळाला चोळली, उरलेली पोटाला फासली.

पंच कारभारी मामा होते. गुलमंडीत कापडाच्या गाठी उचलून त्यांची मान खांद्यात शिरलेली, पण आवाज अजून तसाच.

"निकाली हाय, पाठ टेकंस्तोवर. बोचकारायचं नाय, चावायचं नाय. सृष्टे, तुलाच सांगतोय."

हात मिळाला न मिळाला तोच सृष्टीनं डोकं घातलं. सुलेखाच्या भुवईवर कातडी फुटली. मामा ओरडले. सुलेखानं मनगटानं रक्त पुसलं अन् पुन्हा वाकून उभी राहिली.

त्याचा सृष्टीला जास्त राग आला.

तिनं पट काढला, सुटला. मानेवर हात टाकला अन् खालून कोपर बरगडीत घातलं, मामांना दिसणार नाही असं. एकदा, मग अजून एकदा. सुलेखाचा श्वास फाटला, तरी पकड सुटली नाही. सुलेखाला तीनदा संधी आली. तीनदा तिनं नुसतं अडवलं.

"मार ना," सृष्टी तिच्या कानात म्हणाली. "वस्तादच्या मातीला यायला जमलं नाय. मार तरी."

सृष्टीनं तिच्या खांद्याला चावा घेतला.

"सृष्टे!"

"चुकून लागले दात," सृष्टी म्हणाली. गर्दी हसली.

मग ती तिला रेटायला लागली. मधल्या मऊ मातीतून कडेला, मुरमाकडं. सुलेखाची टाच खड्यावर घसरली, ती गुडघ्यावर आली, अन् सृष्टीला पाहिजे होता तो हात मिळाला. डावा. तिनं तो दोन्ही हातांनी पाठीमागं घेतला अन् वर ओढला. कोपरातून बारीक आवाज आला. सुलेखाचं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. सृष्टीनं अजून एक इंच वर नेला. समोर टेबल होतं, टेबलावर फोटो. ती फोटोकडं बघत ओढत होती.

"सोड," मामा म्हणाले. "सोड पोरी, हात जाईल."

"जाऊ दे."

मामांनी तिच्या खांद्यावर थाप मारली. ती मागं वळली, तेवढीच पकड ढिली झाली. सुलेखा खालून शिरली, तिचा पाय सृष्टीच्या पायात अडकला. टांग. सृष्टीचे पाय सुटले. आभाळ खाली आलं, मुरूम वर आला. आपण डोक्यावर पडतोय हे तिला कळलं, अन् करायला काहीच उरलं नव्हतं.

कडकन आवाज झाला.

ती उताणी पडली होती. खांदे टेकले होते. डोक्याखाली खडे नव्हते. काहीतरी टणक होतं, गरम होतं. तिनं डोळे मिटले. आता कुणीतरी 'परत?' म्हणेल असं तिला वाटलं, अन् ती तशीच पडून राहिली.

हलगी वाजली. सुलेखानं तिच्या डोक्याखालून आपला डावा पंजा सावकाश ओढून काढला. तळहात सोलला होता. शेवटची दोन बोटं नको त्या बाजूला वळली होती.

मामांनी सुलेखाचा उजवा हात वर केला. डावा तिनं पोटाशी धरला होता. सृष्टी उठून बसली अन् त्या हाताकडं बघत राहिली.

"हात काढायचा ना," ती म्हणाली. "तुझी भरतीय."

"ध्यानातच नाय आलं," सुलेखा म्हणाली.

मामांनी हात बघितला, जीभ टाळूला लावली.

"आधी बर्फ लावा, मंग घाटी दवाखान्यात न्या. सृष्टे, गोठ्यावर हाय ना बर्फ?"

*

दुधाच्या डब्याभोवती ठेवायचा बर्फ सृष्टीनं दगडानं फोडला. एक खडा उडून आकाशच्या गुडघ्याला लागला. तो रिक्षा आणायला गेला. पुतळाबाई कार्यक्रमाच्या लुगड्यातच संध्याकाळच्या धारेला बसली होती. म्हशीला वर्षश्राद्ध कळत नाही.

सृष्टी पोत्यात बर्फ बांधून तालमीत गेली. सुलेखा हौदाच्या काठावर उभी होती. पायाची बोटं काठाच्या विटेवर, पुढं नाही. ती भिंतीवरच्या फोटोकडं बघत होती.

"बस ना खाली."

"इथंच बरी."

सृष्टीनं तिचा हात धरून बर्फात दाबला, गरजेपेक्षा जोरात. सुलेखानं ओठ चावला.

"काय केलं व्हतं तू? का हाकललं वस्तादनं?"

सुलेखानं फोटोवरची नजर खाली घेतली.

"अजिंठ्याच्या जत्रेत हीच टांग मारली. मला निकाल पायजे व्हता. मारली अन् सोडून दिली. ती पोरगी डोक्यावर पडली. अजून मान वळवता येत नाय तिला." तिनं पोतं सरळ केलं. "वाटंनं वस्ताद एक शब्द बोलले नाय. इथं आल्यावर म्हणाले, उतर मातीतून, पुन्हा पाय ठेवू नको."

"अन् त्यांच्या मातीला?"

"आले व्हते. बायपासच्या पलीकडं उभी व्हते. धूर दिसला तेवढा बघितला."

सृष्टी बर्फ धरून उभी होती. तिच्या कपाळावरची लाल माती वाळून तडकली होती.

"अन् आज मातीत कशी उतरली?"

"ती प्लॉटवरची माती. वस्तादची फक्त घमेल्यात व्हती."

पलीकडं बादलीत धार पडत होती. एक म्हैस साखळी वाजवून थांबली.

"माझ्याशीच जोड का मागितली?"

"शेवटी तुलाच शिकवलं ना त्यांनी. त्यांची पकड एकदा अंगाला लागंल, म्हणून." सुलेखानं खांदा चाचपला. "लागली. दात तुझे स्वतःचे दिसतात."

सृष्टी हसली नाही. तिला काहीतरी बोलायचं होतं. चांगलं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिनं एकदा फोटोतल्या वस्तादच्या हाताकडं बघितलं. तो सुलेखाच्या खांद्यावर होता, दोन बोटं वाकडी. मग खाली, पोत्यातून बाहेर आलेल्या बोटांकडं बघितलं.

रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला.

"जाते," सुलेखा म्हणाली अन् काठावरून वळली.

सृष्टीनं दोन्ही हातांनी तिच्या पाठीत धक्का दिला, अंगात होतं तेवढ्या जोरानं. सुलेखा दुखरा हात छातीशी धरून पुढं गेली अन् हौदात मधोमध गुडघ्यावर पडली. सकाळीच खणलेली माती मऊ होती. गुडघे आत रुतले.

ती उठली नाही. उजवा हात तिनं मातीत घातला अन् तिथंच राहू दिला.

"कोण पडलं गं?" आतून पुतळाबाईनं विचारलं.

"कुणी नाय, काकी," सृष्टी म्हणाली. "सुलेखा आलीय."

बादलीतला धारेचा आवाज थांबला.