अकरा टॅब आणि एक एंटर

आपल्या बटणांवर त्याचा भारी जीव. ग्रंथालयाच्या काउंटरसाठी प्रोग्राम लिहिताना तयार मिळणारी बटणं त्याला बेंगरूळ वाटली, म्हणून सगळी बावीस त्याने स्वतः काढली. गोल कडा, मऊ सावली. दिसायला देखणी, पण कीबोर्डला त्यांचा पत्ताच नाही. ती फक्त माउसचं ऐकत. हे चार वर्षांत त्याच्या ध्यानात आलं नाही, कारण त्याचे दोन्ही हात धड होते.

ध्यानात आलं ते ताईमुळे. त्याची थोरली बहीण त्याच काउंटरवर बसायची. जिन्यात पडून तिचं उजवं मनगट मोडलं, आणि प्लास्टर निघालं तरी बोटं माउसवर ठरेनात. ग्रंथपाल भला माणूस, पण रांग वाढत होती. पुढच्या सोमवारी त्याच्यासमोर नुसत्या कीबोर्डवर काम करून दाखवायचं, नाहीतर मागे पुस्तकबांधणीच्या खोलीत बसायचं, असं ठरलं. त्या खोलीत फाटकी पुस्तकं असतात, माणसं नसतात. ताईला माणसं लागत.

"अर्ध्या तासाचं काम आहे," तो म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

अर्ध्या तासाला तीन दिवस लागले. टॅब दाबला की पुढचं बटण, एंटर दाबला की ते चालणार, इथवर जमलं. आपण कोणत्या बटणावर आहोत हे दाखवायला चौकट हवी होती, पण चौकटीने सावलीची शोभा जात होती, म्हणून या साहेबांनी चौकटच उडवली. शिवाय टॅब जायचा तो बटणं ज्या क्रमाने लिहिली त्या क्रमाने, म्हणजे पडद्यावर सैरावैरा. मी कुठे आहे ते कळणार कसं, असं ताईने विचारलं. सवयीने, असं हा शहाणा म्हणाला. ताईने एक कागद घेतला आणि काउंटर बंद झाल्यावर रोज तासभर थांबू लागली.

रविवारी दुपारी त्याला उपरती झाली. उजवा हात खिशात घालून त्याने आपलाच प्रोग्राम चालवून पाहिला आणि पाचव्या मिनिटाला हरवला. लाजेने कान तापले. त्याने ठळक पिवळी चौकट घातली, क्रम सरळ केला आणि घरूनच सगळं काउंटरच्या संगणकावर चढवलं. सकाळी लवकर जाऊन ताईला चकित करायचं ठरवलं. सकाळी अर्थातच उशीर झाला.

तो पोहोचला तेव्हा ग्रंथपाल स्वतःच वाचक बनून काउंटरपुढे उभा होता. त्याला पुस्तकाची मुदत वाढवून हवी होती. ताईने कार्डाचा नंबर टाकला आणि नेहमीसारखं समोरच्याशी बोलत, पडद्याकडे न बघता, डाव्या हाताने अकरा टॅब मारले. एंटर. पडद्याने दरवेळसारखं "नक्की?" असं विचारलं. तिथे आधीच "हो" निवडून ठेवण्याची हुशारीही भावाचीच. ताईने सवयीने पुन्हा एंटर मारला.

ग्रंथपालाचं सव्वीस वर्षांचं सभासदत्व रद्द झालं.

ताई पांढरीफटक पडली. भाऊ पुढे झाला.

"चूक माझी आहे. मी काल बटणांचा क्रम बदलला आणि हिला सांगितलं नाही."

ताईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. टॅब दाबून पिवळी चौकट कशी सरकते ते बघितलं. मग तिने ग्रंथपालाला खुर्ची दाखवली आणि कुठल्याही नव्या सभासदाला विचारावं तसं नाव, पत्ता, जन्मतारीख विचारत, एकदाही माउसला हात न लावता, अर्ज भरून घेतला. रांगेतली माणसं हसू दाबत उभी होती. तीन मिनिटांत नवं कार्ड तयार झालं आणि पुस्तकाची मुदतही वाढली.

"तुम्ही इथेच बसा," ग्रंथपाल कार्ड खिशात ठेवत म्हणाला.

सुटलो बुवा, असं भावाला वाटलं. तेवढ्यात ताईने तो कागद त्याच्यापुढे सरकवला.

"हा आता माझ्या कामाचा नाही. काही सुधारायचं असलं की आधी मला सांगत जा," ती म्हणाली आणि पुढच्या वाचकाकडे वळली.

कागदावर बावीस बटणं होती आणि प्रत्येकापुढे टॅबचा आकडा. मागच्या बाजूला सरावाच्या रेघा, डाव्या हाताने ओढलेल्या, वाकड्यातिकड्या, पाच-पाचाच्या जुड्यांनी पान भरलेलं. त्याने त्या मोजायला घेतल्या. चारशेच्या पुढे त्याला रेघा दिसेनाशा झाल्या.