तक्त्याची खालची ओळ

मुंगळा थांबला. रुळाच्या चकचकीत पाठीवरून तो सरळ चालला होता, बद्रीनाथच्या सावलीतून बाहेर पडून पुन्हा उन्हात शिरला होता, आणि आता एकाएकी थांबला. मिशा तेवढ्या हलत होत्या... मग तो वळला, कडेवरून उतरला आणि खडीत नाहीसा झाला. बद्रीनाथने मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. पोलादातून आवाज सेकंदाला पाच हजार मीटर जातो, हवेतून साडेतीनशे. म्हणजे मुंगळ्याला जे कळलं ते माझ्या कानापर्यंत यायला अजून वेळ आहे. अर्थात एका मुंगळ्यावरून काही सिद्ध होत नाही. त्याचे पायही पोळले असतील.

पण अकराव्या आकड्याला बाभळीखाली बसलेले त्याचे वडील, आबा, उठले. वर घाटाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"पॅसेंजर हाय," ते म्हणाले. "हलकी वाजती."

बद्रीनाथला आवाज ऐकू आला तो सव्विसाव्या आकड्याला.

सकाळी भाकरी मोडता मोडता आबा म्हणाले होते, "बद्री, त्या तक्त्याची खालची वळ येकदा म्हण की. इसरल्यावानी झालीया." चुलीपुढे बसलेल्या आईने, सारजाबाईने, मान वर केली नव्हती. "म्हणतो नंतर," असं सांगून तो उठला होता. आज संध्याकाळच्या गाडीने आबा रेल्वेच्या दवाखान्यात जाणार होते. उद्या डोळ्यांची तपासणी होती. आणि तो तक्ता... तो तर मीच त्यांना शिकवला होता. आठवीत असताना त्यांच्याबरोबर गेलो, दाराशी उभा राहून भिंतीवरची अक्षरं वाचली, आणि येताना गाडीत खेळ म्हणून त्यांच्याकडून घोकून घेतली. तेव्हा त्यांना एक शेवटची ओळच पुसट दिसायची. त्या ओळीवर ते पास झाले, पुढच्या तपासणीतही झाले. गेल्या आठवड्यात त्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या धोतराला रामराम घातला. आई हसली, तेही हसले... मी हसलो नाही.

पॅसेंजर वळणावरून दिसली. धुळाजी सांधेवाला — आबांना सगळं स्टेशन याच नावाने ओळखे — दांड्यापाशी जाऊन उभा राहिला. घाट जिथे संपतो तिथे हा रूळ बदलायचा सांधा होता, आणि तो नेहमी चुकीच्या बाजूला लावलेला असे. म्हणजे बद्रीनाथला लहानपणी ती बाजू चुकीची वाटे. सांध्यातून एक फाटा टेकडीवर चढत जाऊन वाळूत संपत होता. उतरणाऱ्या प्रत्येक गाडीचे ब्रेक निकामी झालेत असंच नियम धरून चाले. गाडीने इथे पूर्ण थांबायचं, शिट्टी द्यायची, आणि मगच धुळाजीने दांडा ओढून तिला स्टेशनची वाट द्यायची. जी थांबली नाही ती आपसूक वाळूत जाईल. कॉलेजात तो पुष्कळ नियम शिकला होता, पण अपयश आधीच गृहीत धरून त्याच्यासाठी वाट करून ठेवणारा हा नियम त्याला अजूनही थक्क करी. किती गाड्या, किती वर्षं, आणि प्रत्येकीवर तोच अविश्वास, न चुकता...

पॅसेंजर थांबली, शिट्टी झाली, दांडा पडला. डबे समोरून सरकू लागले — खिडकीत टेकलेली कपाळं, दारात बसलेल्या बायका, एक बोकड, आणि सगळ्यात शेवटी पाण्याची टाकी. पावसाने सलग दुसरं वर्ष दगा दिलेला. स्टेशनच्या विहिरीत चिखलही उरला नव्हता. ही टाकी रेल्वेच्या माणसांसाठी यायची, म्हणून घरात घागरभर पाणी होतं. आबांची नोकरी गेली तर क्वार्टर जाईल, आणि क्वार्टरबरोबर टाकीवरचा हक्क. कडा गावच्या साखर कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, बद्रीनाथसाठी जागा होती. पण ऊस नाही म्हणून गाळप नाही, गाळप नाही म्हणून नेमणूक नाही. एकाखाली एक मांडलेलं गणित, आणि उत्तर प्रत्येक वेळी शून्य.

खाली अर्ध्या मैलावर पॅसेंजर स्टेशनात जाऊन उभी राहिली. टाकी रिकामी होईपर्यंत ती हलणार नव्हती. बायकांची रांग दिसत होती. तिच्यात कुठेतरी आई होती, दोन घागरी घेऊन. आबांना यातलं काय दिसत असेल? एक उजळ धूर?

"मालगाडी," आबा म्हणाले. तळवा रुळावर होता. "कोळसा. भरल्याली."

परळीच्या वीजघराचा कोळसा. एकामागून एक चाळीस वाघिणी वळणातून बाहेर पडू लागल्या आणि बद्रीनाथचा श्वास नेहमीसारखा अडकला. ब्रेकच्या लोखंडाचा जळका वास आधी आला, मग ती किंचाळी, मग पायाखालची जमीन. पंधराशे टन, शंभर मीटर उतार. त्याने एकदा हिशोब केला होता — तेवढ्या ऊर्जेने पाच हजार लिटर पाणी उकळेल. पाच हजार लिटर! उकळायला पाणी कुठे आहे हा प्रश्न वेगळा. आणि ती सगळी ऊर्जा एका पायवाटेएवढ्या रुंद लोखंडावरून, ज्यावरून आत्ताच तो बोकड गेला, त्याच लोखंडावरून, अशी हळूहळू, स्वतःला आवरत खाली येते...

गाडीचा वेग उतरला. आणखी उतरला. उन्हाच्या झळांत चाकांचा खालचा भाग वितळल्यासारखा दिसत होता. इंजिनाची कड मैलाच्या दगडाशी आली आणि तिथेच राहिली. शिट्टी झाली.

दांडा पडला नाही.

"थांबली, आबा!" बद्रीनाथ ओरडला. "ओढा!"

आबा हलले नाहीत. मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. शिट्टी पुन्हा झाली, लांब, चिडलेली. इंजिनातून सत्तार ड्रायव्हरचं काळं पडलेलं तोंड बाहेर आलं.

"ओ धुळाजी! झोपलास का बे?"

"तुमची गाडी झोपू द्या की आदी, सत्तारभाई!"

मग बद्रीनाथने पाहिलं — मैलाचा दगड इंजिनाआड गेला होता. निम्मा... आता पूर्ण. गाडी सरकत होती. मुंगळ्याच्या वेगाने, पंधराशे टन सरकत होते, आणि मी म्हणालो होतो थांबली. प्रकाश तापलेल्या हवेत वाकतो हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलेलं आहे. कड हलताना मला दिसली नाही. मला जे दिसलं ते मी शपथेवर सांगितलं असतं. आणि खाली रांगेत आई...

कुठेतरी आत, वाघिणीमागून वाघीण, एक कण्हणं शेवटपर्यंत गेलं आणि विझलं. तेव्हा आबांनी डोळे उघडले आणि दांडा ओढला. शिट्टीची वाट त्यांनी पाहिली नाही. सत्तारभाई हसत, हात हलवत गेले. मालगाडी दुसऱ्या रुळावर वळली आणि पॅसेंजरशेजारी जाऊन उभी राहिली. बायकांची रांग मोडलीही नाही.

आबा बाभळीकडे परतले. तांब्यासाठी त्यांनी हात घातला तो तांब्याच्या वीतभर अलीकडे, मातीवर पडला. माती चाचपत तो पुढे सरकला.

"लई दिस झाले, मोजतूस मला," ते पाणी पिऊन म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मोज. त्यात वंगाळ काय न्हाई."

"आबा, आज वारा असता तर? चाकं ऐकू आली नसती तर?"

"तर वढला नसता." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "...आजवर तरी वढला न्हाई."

संध्याकाळच्या गाडीला अजून दोन तास होते.

"हं, म्हण आता," आबा म्हणाले. "खालची वळ."

सहा अक्षरं. सगळी जिभेवर होती, नऊ वर्षांपूर्वीच्या क्रमाने. एक जरी बदललं तरी आबा नापास व्हायला पुरे होतं. आबांना कधी कळलंही नसतं. सकाळी तेच ठरवून तो घरून निघाला होता, आणि सकाळी ते स्पष्ट होतं, दुपारच्या इंजिनाच्या कडेसारखं स्पष्ट.

तो खाली वाकला. तापलेल्या रुळावर त्याने तळवा ठेवला, आबा ठेवत तसा, आणि डोळे मिटले. हाताखाली काहीतरी थरथरत होतं. वरून उतरणारी एखादी गाडी असेल, नाहीतर आपल्याच मनगटातली नाडी... त्याने श्वास रोखला. कळेना.

"म्हण की," आबा शेजारून म्हणाले.

"थांबा," तो म्हणाला. "जरा ऐकू द्या."