तीनशे वीस आणि केसभर

नेवेनाच्या दोन्ही मामांनी अकरा वर्षांपूर्वी वाटणी केली तेव्हा सुईपासून नांगरापर्यंत सगळं निम्मं-निम्मं केलं. त्यांचे वडील पिंपं बनवायचे. त्यांची घडीची लाकडी मोजपट्टीसुद्धा या दोघांच्या तावडीतून सुटली नाही. आठवण दोघांनाही हवी, म्हणून मधली खीळ काढून थोरल्या ओब्रादने शून्य ते पन्नास घेतली आणि धाकट्या मिलोयेने पन्नास ते शंभर. तेव्हापासून मिलोये मोजायचा आणि त्यातून पन्नास वजा करायचा. एकदा वजा करायला विसरला, त्याच्या कोंबड्या आजही पाहुण्यांच्या खोलीएवढ्या खुराड्यात राहतात. ओब्रादची पट्टी तर शून्यापासून होती, तरी त्याने बसवलेलं एकही दार धड लागत नसे. तो लाकडाला शिव्या घालायचा.

वाटली गेली नाही ती फक्त राकिया, म्हणजे आलुबुखाऱ्याची दारू, गाळायची तांब्याची भट्टी. आलुबुखारे दोघांचे, भट्टी एक, आणि तोंडं दोन दिशांना.

त्या भट्टीसाठी वेबसाइट करायचं नेवेनाने अंगावर घेतलं. चाचाक शहरात ती हेच काम करायची आणि एक पिक्सेल इकडचा तिकडे झाला तर तिला घास गिळवत नसे. तिने दोन्ही मामांचे फोटो शेजारी शेजारी लावले. दोन्ही बरोब्बर तीनशे वीस पिक्सेल रुंद. निदान स्क्रीनवर एकत्र बसले तर पुढेमागे स्लावाला, म्हणजे कुळाच्या संताच्या दिवशी, एका टेबलावरही बसतील अशी तिला आशा होती. अडचण एवढीच, की स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही, ज्याला यायचं तो आपला येतो. स्लावा असायचा थोरल्या ओब्रादच्या घरी. त्यामुळे त्याला भावाला बोलावता येत नव्हतं, आणि न बोलावता जायला मिलोयेचं नाक आडवं येत होतं.

डिसेंबर लागला आणि मिलोयेचा फोन आला.

"भाची, तुला लाज आहे का? दुकानात ओब्राद सांगत सुटलाय, त्याचा फोटो अकरा सेंटिमीटर! आणि माझा आठ!"

"मामा, कुठे मोजलास?"

"कुठे म्हणजे? माझ्या घरी, माझ्या कंप्युटरवर!"

"अरे, त्याचा स्क्रीन भलामोठा, तुझा छोटा. पिक्सेल दोन्हीकडे तेवढेच."

"पिक्सेल म्हणजे काय?"

"ठिपका."

"किती मिलिमीटरचा?"

"ते स्क्रीनवर अवलंबून असतं."

मग मिलोये म्हणाला, "म्हणजे माप घरोघरी बदलतं? तुझ्या आजोबांनी असलं पिंप केलं असतं ना, तर गावाने त्यांना त्याच पिंपात घालून नदीत सोडलं असतं."

ते ओब्रादच्या कानावर गेलं. त्याने निरोप धाडला की सोमवारी लोहाराला बोलावतो, भट्टी मधोमध कापतो, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. भट्टी गेली की दोघांना एकत्र यायला जागाच उरणार नव्हती.

रविवारी तिने दोघांना भट्टीच्या शेडमध्ये गाठलं. ती सामाईक जागा, त्यामुळे कुणी कुणाचा उंबरा ओलांडला असं झालं नाही. तिने एका पिंपावर आपला लॅपटॉप ठेवला आणि स्क्रीनवरची मोजपट्टी उघडली. फोटोच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली. तीनशे वीस. दुसऱ्यावर ओढली. तीनशे वीस.

"बघा!"

"मशीनच्या पोटातली पट्टी मशीनचीच बाजू घेणार," ओब्राद म्हणाला आणि खिशातून आपली अर्धी काढली. मिलोयेनेही काढली. दोघांनी आपापला फोटो मोजला.

"आठ पूर्णांक आठ," ओब्राद मिशीत म्हणाला.

"अठ्ठावन्न पाच... वजा पन्नास... आठ पूर्णांक पाच! सापडली चोरी! एकाच स्क्रीनवर तीन मिलिमीटर खाल्ले माझे!"

नेवेनाने दोघांच्या जागा बदलल्या. "आता एकमेकांचा मोजा."

मोजला. ओब्रादच्या पट्टीवर मिलोयेचाही आठ पूर्णांक आठ भरला. मिलोयेच्या पट्टीवर ओब्रादचाही आठ पूर्णांक पाच.

"अरे, हा फोटो आहे की सरडा?" मिलोये ओरडला.

नेवेनाने दोन्ही तुकडे हिसकावून घेतले आणि खिडकीपाशी नेले. ओब्रादच्या तुकड्याचं टोक झिजून गोल झालं होतं. पहिल्या सेंटिमीटरमधल्या रेघा तिने मोजल्या, तर दहाऐवजी सातच. पट्टी शून्यावर नाही, तिसऱ्या मिलिमीटरवर सुरू होत होती. त्या पट्टीने मापून कापलेलं सगळं आखूड निघणार.

"मामा, तुझी दारं..." ती म्हणाली.

ओब्राद शेजारच्या पिंपावर बसला. वडील प्रत्येक फळी कापताना म्हणायचे, "एवढं, आणि केसभर जिवासाठी." दोघा भावांनी लहानपणापासून ते ऐकलं होतं. देवभोळ्या माणसाची सवय समजत आले होते.

"म्हणजे म्हातारा देवभोळा नव्हता," मिलोये हळूच म्हणाला. "त्याला ठाऊक होतं."

"पण त्याने नवी पट्टी घेतली नाही," ओब्राद म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवायच्या फंदात पडला नाही. "आणि मी अकरा वर्षं लाकडाला शिव्या घालतोय."

मग तो उठला, घसा खाकरला. "पुढचं दार लागत नाही. एकोणीस तारखेला, स्लावाला, पाहुणे गारठतील. तुझी पट्टी बरी दिसते. येऊन मोजून दे." जरा थांबून तो पुढे म्हणाला, "दिवसभराचं काम आहे. मासे असतीलच."

मिलोये वजाबाकी करत असल्यासारखा मान हलवत निघून गेला.

तो गेल्यावर ओब्राद भाचीच्या कानाशी आला. "त्याचा फोटो ना... केसभर वाढव. त्याला कळू देऊ नकोस."

नेवेनाने तीनशे वीसचे तीनशे बत्तीस केले. तिच्या स्क्रीनवरच्या पट्टीने लगेच लाल रंगात चूक दाखवली. तिने पट्टी बंद केली.

एकोणीस तारखेला मिलोये करवत घेऊन आला. दार बसवलं, मेणबत्ती लागली, मासे वाढले गेले. जेवण होईपर्यंत पोरांनी वेबसाइट उघडून ठेवली होती. मिलोये सवयीने उठला, खिशातली पट्टी काढली, आपला फोटो मोजला, मग भावाचा. पुन्हा आपला. वजाबाकी दोनदा करून पाहिली.

त्याने ओब्रादकडे पाहिलं. ओब्राद माशाचे काटे काढण्यात गुंग होता. मिलोयेने पट्टीची घडी केली, खिशात ठेवली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीही तक्रार न करता भावाच्या शेजारी जाऊन बसला.