घरात एकच भाषा

अण्णांना बाजारात सगळे ‘भोंगा’ म्हणत आणि अण्णांना त्याचा भारी अभिमान. घाऊक भाजीबाजारात अडतीस वर्षं त्यांनी लिलाव पुकारला होता. लाकडी खोक्यावर उभं राहून ते बोली पुकारायला लागले की पलीकडच्या रस्त्यावरचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचं विसरत, असं ते स्वतः सांगत. खरं-खोटं त्या बाजारालाच ठाऊक. बायको गेल्यावर ते मधल्या मुलीच्या घरी राहायला आले, तेव्हा कामातून निवृत्त झाले होते, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता. त्यांना चहा हवा असला की तीन मजल्यांना कळे.

तीन बहिणींतली मधली म्हणून तिला सगळे मधलीच म्हणत. ती एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडांचे साचे यायचे, त्यावर मेणाच्या हिरड्या बसवायच्या, त्यात एकेक दात रंग जुळवून लावायचा, असं तिचं काम. हात इतका बारीक की खुद्द अण्णांच्या तोंडातली कवळीही तिनेच केलेली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा म्हणून तो सगळ्यांचा लिफ्टवाला, नाकासमोर चालणारा माणूस. आणि त्यांची साडेचार वर्षांची मुलगी, तिला अण्णांनी नाव ठेवलं होतं ‘शेठ’. बाजारात अण्णा सगळ्यांनाच शेठ म्हणत, मग नातीला कमी कशाला म्हणायचं?

शेठला कुठल्या शाळेत घालायचं, हा प्रश्न घरात वर्षभर चालला होता. गल्लीतली शाळा होती, बागेपलीकडची होती. पण मधलीचं मन बसलं होतं टेकडीवरच्या इंटरनॅशनल शाळेवर. तिथे काचेच्या भिंतीचं वाचनालय होतं, पोहायचा तलाव होता, आणि वर्गात वीसच मुलं. पण खरं कारण हे नव्हतंच. खरं कारण असं, की लॅबमध्ये एखाद्या मोठ्या डॉक्टरचा फोन आला आणि तो ती ऐटीतली, त्या शाळेची भाषा बोलू लागला, की मधली फोन शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या हातात द्यायची. काम तिचं, दात तिचे, आणि बोलणार दुसरीच. बारा वर्षं तिने तो फोन असाच दिला होता. आपल्या लेकीवर ही वेळ येऊ द्यायची नाही, एवढंच तिला कळत होतं. यात तिचं चुकलं असं कोण म्हणेल?

पहिल्या मुलाखतीला तिघं गेली. प्रवेशाच्या मॅडम गोड होत्या. त्यांनी शेठपुढे प्लास्टिकच्या भाज्यांची टोपली ठेवली आणि शाळेच्या भाषेत विचारलं, “यात काय काय दिसतंय, सांग बघू.”

शेठने टोपली पाहिली. मग ती खुर्चीवर चढली, एक टोमॅटो डोक्यावर धरला आणि तिथल्या काचा थरथरतील अशा आवाजात ओरडली, “हा माल बघा शेठ! डाग नाही, ठिपका नाही! बोला, बोला, लाजू नका! एक वार... दोन वार...”

लिफ्टवाल्याला हसू आवरेना. मधलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मॅडमही हसल्या, पण हसून झाल्यावर त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मुलगी हुशार आहे, म्हणाल्या, पण शाळेची भाषा फार कच्ची आहे. चार महिन्यांनी आणखी एक संधी देऊ, ती शेवटची. “घरात एकच भाषा ठेवा. शाळेची. मूल दिवसभर जे ऐकतं तेच बोलतं. घरी आणखी कोण असतं?”

“माझे वडील,” मधली म्हणाली.

“त्यांना येते ही भाषा?”

मधलीने नकारार्थी मान हलवली. मॅडमनी पुन्हा काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून फ्रिजवर नियमाचा कागद लागला: घरात एकच भाषा. मधलीने मोबाइलवर धडे घेतले, लिफ्टवाला लिफ्टच्या खोलीत तेल लावता लावता वाक्यं घोकू लागला. दोघांची ती बोली ऐकून शाळेची भाषा स्वतःच पळून गेली असती, पण दोघं नेटाने बोलत होती. अडचण एकच. अण्णांना त्या भाषेतले दोनच शब्द येत, सॉरी आणि थँक्यू, आणि तेही ते उलटसुलट वापरत. त्यांनी पहिल्या दिवशी नियम पाळला सकाळच्या चहापर्यंत. मग शेठ दिसली आणि, “काय शेठ, आज भाव काय?” झालं. शेठ खिदळली, आणि संध्याकाळपर्यंत घराचा बाजार झाला.

“जित्याची खोड, अगं,” लिफ्टवाला म्हणाला. “जाऊ दे की.”

“तुला काय जातंय जाऊ दे म्हणायला?” मधली म्हणाली.

तीन आठवडे पालथ्या घड्यावर पाणी पडलं. एका रविवारी दुपारी जेवताना मधलीने शेठला शाळेच्या भाषेत विचारलं, पाणी हवं का? शेठने अण्णांकडे बघून उत्तर दिलं, “आजोबांना विचार, मी त्यांचं गिऱ्हाईक आहे.” अण्णा मांडीवर थाप मारून हसले. मधलीने हातातला चमचा खाली ठेवला.

“अण्णा, चार महिने तुम्ही गप्प बसाल का?” ती घरच्याच भाषेत बोलली, आणि तिला वाटलं त्याहून जोरात. “तुमच्या एकेका शब्दाने तिचं नुकसान होतंय. उद्या ही राहिली माझ्यासारखी, तर ते तुमच्यामुळे.”

अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते हळूहळू गेलं, आणि मधलीला ते जाताना दिसलं. तिला वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

“बरं,” अण्णा म्हणाले. “दिला शब्द.”

बाजारात एक रीत असते. बोली सुटली, माल दिला म्हटलं, की पुकारणाऱ्याने माघार घ्यायची नाही, मग स्वतःचं नुकसान झालं तरी बेहत्तर. अण्णांनी अडतीस वर्षं तीच रीत पाळली होती. त्या दिवसानंतर ते बोलले नाहीत. शेठ बालवाडीत गेलेली असतानाही नाहीत, शेजारचे भेटले तरी नाहीत. लोकांना वाटलं म्हातारबुवांनी कसलं तरी व्रत घेतलं. काही हवं असलं की बाजारातल्यासारख्या उजव्या हाताच्या बोटांनी खुणा करत. दोन बोटं म्हणजे चहा, मूठ म्हणजे नको. शेठला तो खेळच वाटला. घरात अळीमिळी गुपचिळी, आणि त्या शांततेत शाळेची भाषा भराभर रुजू लागली. दोन महिन्यांत शेठ स्वप्नातसुद्धा ती भाषा बडबडायला लागली.

मधलीला आधी चुकल्यासारखं वाटे. मग सवय झाली. खरं सांगायचं तर मग बरंच वाटू लागलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली. हे वाक्य तिला पुढे फार दिवस ऐकू येत राहायचं होतं, पण तेव्हा ती ते सहज बोलून गेली.

दुसरी मुलाखत गुरुवारी होती. सोमवारी सकाळी अण्णा उशिरा उठले. नाश्त्याला बसले तर दूध तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळालं, घास गालात अडकून राहिला. मधलीने जवळ जाऊन पाहिलं. तिची नजर कसलेली. खालची कवळी सैल झाली, तिने लगेच ओळखलं. वय झालं की हिरडी झिजते, कवळी डुगडुगते, ओठाला आधार राहत नाही. अशी पन्नास तोंडं तिने पाहिली होती. अण्णांना खुणेनेच तोंड उघडायला सांगून तिने कवळी काढून घेतली, रुमालात गुंडाळली आणि लॅबला नेली. जेवणाची सुट्टी मोडून तिने आतून नवा थर चढवला, कडा घासल्या, चकाकी दिली. संध्याकाळी तिने ती स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडात बसवली.

“ओके?” तिने शाळेच्या भाषेतल्या लाडिक सुरात विचारलं, कारण शेठ तिथेच होती.

अण्णांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. त्यांचा डावा हात वर आला, हवेत थोडा फिरला आणि खाली गेला. मधलीला ती खूण कळली नाही. थँक्यू म्हणायचं असेल, असं तिने धरलं.

मंगळवारीही दूध गळालं. नवी बसवलेली कवळी दोन दिवस टोचते, मग बसते, हे ती सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायची. अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होते. रुसले असतील, असं लिफ्टवाला म्हणाला. बुधवारी ते न्हाणीघरापर्यंत पाय घासत गेले. चप्पल झिजली असेल. गुरुवार होऊन जाऊ दे, मग कवळी पुन्हा पाहीन, नवी चप्पल आणीन, जवळ बसून दोन शब्द बोलेन, असं मधलीने ठरवलं. शेजारच्या काकूंना मध्ये मध्ये डोकावायला सांगून गुरुवारी ती तिघं टेकडीवर गेली.

शेठने टोपलीतल्या सगळ्या भाज्या ओळखल्या. खुर्चीवर नीट बसून, शाळेच्या भाषेत, हळू आवाजात. मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि हात पुढे केला. प्रवेश झाला होता.

मधली जिना धावत चढली. चपला न काढताच अण्णांच्या खोलीत गेली.

“अण्णा, झालं! झालं बघा! घेतली तिला! आता बोला तुम्ही, हवं तेवढं बोला, ओरडा, सगळी बिल्डिंग डोक्यावर घ्या!”

अण्णा भिंतीकडून वळले. तोंड उघडलं. आतून नुसतं “आव्... आव्...” आलं.

“आवाजाला गंज चढला वाटतं,” लिफ्टवाला दारातून हसत म्हणाला. मग तो हसायचा थांबला.

मधलीने अण्णांचा उजवा हात हातात घेतला. तो उचलला तसा उचलला गेला, सोडला तसा पडला.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आलाय, म्हणाले, आणि तो आजचा नाही, तीन-चार दिवस झालेत. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं. आता वाचा किती परत येईल, सांगता येत नाही.

“पण तुमच्या लक्षात कसं नाही आलं?” त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरोखरचं नवल होतं. “अशा पेशंटचं बोलणं एकदम जातं. ते घरात पहिल्या मिनिटाला कळतं. सोमवारपासून ते बोलत नाहीयेत, हे कुणालाच कळलं नाही?”



“ते बोलतच नव्हते,” मधली म्हणाली. “मीच सांगितलं होतं, बोलू नका म्हणून.”

डॉक्टरांना ते समजलं नाही, आणि समजून घ्यायला त्यांना वेळही नव्हता. मधली बाहेरच्या बाकावर बसली आणि रडली. तिला सगळ्यात जास्त ती कवळी छळत होती. बापाचं तोंड तिने दोन्ही हातांनी उघडलं होतं, बॅटरी लावून आत पाहिलं होतं, हिरडीची गुंजभर झीज पाहिली होती. आणि तोंड वाकडं झालंय, हे पाहिलं नव्हतं. तिने तेव्हा एक साधा प्रश्न घरच्या भाषेत विचारला असता, अण्णा, काय होतंय हो, तर उत्तर आलं नाही हे तरी तिला कळलं असतं.

दीड महिन्याने अण्णा घरी आले. काठी घेऊन खिडकीपर्यंत चालू लागले. वाचा शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी मधलीला समजावलं, “त्यांच्याशी बोलत राहा. त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच ओळखीच्या गोष्टी. त्यांना किती कळतंय ते आत्ता सांगता येणार नाही, पण तुम्ही थांबू नका. जेवढं कानावर पडेल तेवढं परत यायची आशा.”

मग मधलीने लॅबमधून अर्धा दिवस मागून घेतला. दुपारी ती अण्णांच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसायची आणि तिला आठवेल ते बोलायची. लहानपणी ती डबा द्यायला बाजारात जायची ते. कांद्याच्या पोत्यांवर झोप लागली होती ते. एकदा अण्णांनी भोपळ्यांच्या ढिगात तिचाच लिलाव पुकारला होता, आणि एकही बोली यायच्या आत स्वतःच तिला विकत घेतलं होतं ते. अण्णा ऐकत. कधी डोळ्यांत पाणी येई. एके दिवशी भोपळ्यांची गोष्ट सांगून झाल्यावर त्यांचे ओठ हलायला लागले. मधली पुढे वाकली. गळ्याच्या शिरा ताणल्या, जीभ टाळूला लागली, आणि पहिल्यांदाच त्या “आव्, आव्”मधून काहीतरी वेगळं बाहेर पडलं.

“म... म...”

“बोला अण्णा! मधली म्हणा. म्हणा, मधली!”

तेवढ्यात दार उघडलं. टेकडीवरच्या शाळेचा निळा गणवेश घातलेली शेठ दप्तर ओढत आत आली आणि दारातूनच शाळेच्या भाषेत काहीतरी सांगू लागली.

अण्णांनी तिला पाहिलं आणि तोंड मिटलं. डावा हात मोठ्या कष्टाने वर नेला, एक बोट आपल्या ओठांवर ठेवलं आणि मधलीकडे बघून मानेने शेठकडे खुणावलं. ऐकेल ती. गप्प बस.

“नाही हो अण्णा, झालाय तिचा प्रवेश,” मधली म्हणाली. “आता चालतं. आता बोललेलं चालतं.”

तिने ते तीनदा सांगितलं, आधी हळू, मग मोठ्याने, मग त्यांचे गुडघे धरून. अण्णा सगळं कळल्यासारखी मान हलवत होते, आणि बोट ओठांवरून काढत नव्हते.