पाठमोरी डोकी

“हे डोकं कोणाचं?” केमिस्टनं चिनी मातीचा पांढरा मग दिव्याकडे धरून विचारलं. लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज त्यानं हुबेहूब काढला होता.

सलूनमध्ये हशा पिकला. कात्रीकाकाही हसले. आज त्यांचा दिवस होता. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे दुकान आजपासून बंद होणार होतं आणि निरोपाच्या चहाला सगळी जुनी गिऱ्हाइकं जमली होती. चहा अजून किटलीत होता. आधी प्रत्येकानं आपापला मग ओळखून उचलायचा, त्यात चहा प्यायचा आणि मग घरी न्यायचा, असा बेत होता. बेत काकांचाच. आयुष्यात त्यांनी आखलेला हा पहिला बेत, आणि पहिल्या बेताचं जे होतं तेच त्याचं होणार होतं.

मगांची कल्पना मुलीची. ती बालवाडीत शिकवते. साध्या मगावर मार्करनं चित्र काढायचं, ओव्हनमध्ये अर्धा तास भाजायचं, की रंग पक्का. “बाबा, घासला तरी जात नाही,” असं तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं. तिच्या वर्गातली चिमुरडी आईला फुलं काढून देत. काकांनी ठरवलं, आपण माणसं काढायची.

आधी त्यांनी चेहरे काढून पाहिले. पोस्टमास्तर, कॅशियर, केमिस्ट, सगळे एकाच आईची लेकरं दिसायला लागले, आणि ती आईही फारशी देखणी नसावी. काकूंनी चष्मा वर-खाली करून शेवटी विचारलं, “अहो, तुम्ही या माणसांना कधी नीट पाहिलंय का?”

काका विचारात पडले. खरंच की. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याचा चेहरा आरशात, आणि आपण मागे. चेहरा हा गिऱ्हाइकाचा खाजगी मामला. आपल्या वाट्याला आली ती पाठची बाजू. त्यांनी डोळे मिटले, तर समोर पोस्टमास्तरांचा दुहेरी भोवरा उभा राहिला. कॅशियरच्या मानेवरची आडवी घडी, तिच्या खाली मोहरीएवढा तीळ. केमिस्टचं टक्कल, जे पुढून दिसत नसल्यामुळे केमिस्ट स्वतःला अजून तरुण समजे.

हातानं मार्कर उचलला आणि थांबलाच नाही. खुर्चीत डोकं जसं दिसायचं तसंच ते काढत गेले: पाणी मारून केस ओले केलेलं, फणीनं भांग पाडलेलं, काही म्हणजे काही न लपवलेलं. प्रत्येकाच्या गळ्याशी त्याची त्याची कॉलर. इतका आनंद त्यांना कात्री हातात असतानाही क्वचितच झाला असेल.

“पाठमोऱ्या माणसाला कोण ओळखतं?” काकू म्हणाल्या.

“मी ओळखतो,” काका म्हणाले. ते खरंच होतं, आणि पंचाईतही तीच होती.

आणि आता केमिस्टच्या हातात तो मग होता.

“काळा कोट,” केमिस्ट मग फिरवत म्हणाला. “म्हणजे आपले वकीलसाहेब. दुसरं कोण? पण काका, इथे कानामागे हे पांढरं काय सोडलंत? शाई संपली की काय?”

“शाई कसली संपतेय,” मागून कोणीतरी मान लांब करून म्हणालं, “चाई आहे ती.”

काकांच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली.

उजव्या कानामागे, अंगठ्याएवढी, बिनकेसांची, गुळगुळीत. ती चाई जगात दोनच माणसांना ठाऊक होती. वकीलसाहेब नेहमी भर दुपारी, दुकान रिकामं असताना येत. पहिल्या खेपेला त्यांनी तिथे बोट ठेवून “इथे जरा जपून” एवढंच म्हटलं होतं. काका “हो साहेब” म्हणाले होते. त्यानंतर वकिलांचे केस काळ्याचे पांढरे झाले आणि कलपानं पुन्हा काळे झाले, पण त्या विषयावर तिसरं वाक्य झालं नाही. काका वरचे केस लांब ठेवून त्या जागेवर अलगद निजवत. केस कापून झाल्यावर सगळ्यांना मागून छोटा आरसा दाखवायची रीत, पण वकिलांच्या वेळी आरसा हमखास सापडत नसे. गावात कोणाची लफडी, कोणाचे कलप, कोणाची दुखणी, सगळं त्या खुर्चीत सांडायचं आणि केसांबरोबर झाडून टाकलं जायचं. काकांनी आजवर कधीही, कोणाचंही, काहीही बाहेर नेलं नव्हतं. आज पहिल्यांदाच नेलं, तेही रंगवून आणि भाजून.

सलूनला दोन्ही भिंतींना आरसे. वकीलसाहेब दाराजवळ उभे होते, पण त्यांची पाठ एकाच वेळी सगळ्या आरशांत होती आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. काही दिसत नव्हतं. काकांनी परवाच इतके झकास केस कापले होते. पण वकिलांचा हात आपोआप उजव्या कानामागे गेला. कोर्टात भल्याभल्या साक्षीदारांना बोलतं करणारा माणूस एका शब्दाशिवाय कबुली देऊन बसला.

“ते साहेब नाहीत,” काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. “म्हणजे आहेत. पण तो डाग माझा. हात हलला माझा. थरथरतो हल्ली. गुडघे वगैरे सगळं निमित्त आहे, दुकान हातामुळेच बंद करतोय.”

हे धादांत खोटं होतं. हात आजही असा, की झोपलेल्या माणसाची दाढी करावी आणि त्याला जाग येऊ नये. कात्री धरणाऱ्यानं चारचौघांत असं म्हणणं म्हणजे ड्रायव्हरनं प्रवाशांना आपल्याला दिसत नाही म्हणून सांगण्यासारखं. पण काकांकडे देण्यासारखी तेवढीच अब्रू होती, ती त्यांनी दिली.

“हात हलतो?” केमिस्ट आपला मग निरखत म्हणाला. माणूस वाईट नव्हता, फक्त थांबायचं कुठे ते त्याला कळत नसे. “आमची डोकी तर फोटो काढल्यासारखी आलीत की.”

कोणी हसलं नाही. वकीलसाहेबांनी कोटाचं बटण लावलं.

“चहा छान झाला होता,” ते म्हणाले आणि गेले.

चहा अजून कोणाला दिलाच नव्हता.

घरी आल्यावर काकांनी तो मग घासायला घेतला. साबण झाला, व्हिनेगर झालं, दाढीनंतर लावायचं स्पिरिट झालं, शेवटी तारेची घासणी. मुलीचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं.

“फोडून टाका एकदाचा,” काकू म्हणाल्या.

ते त्यांना जमेना. साहेबांचं डोकं होतं ते. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले, आणि काळा मार्कर घेऊन वरच्या बाजूनं एकेक केस ओढत त्या पांढऱ्या जागेवर आणून निजवू लागले. वरून खाली, किंचित मागे, नेहमीसारखे. काम झालं तेव्हा काही कळत नव्हतं. कामात काही खोट नव्हती, फक्त गिऱ्हाईक उठून गेल्यावर झालं होतं.

माफी मागावी म्हणून ते एकदा वकिलांच्या फाटकापर्यंत गेलेही. पण माफी मागायची तर त्या गोष्टीचं नाव घ्यावं लागणार, आणि जे नाव इतकी वर्षं घेतलं नाही ते आता घ्यायचं म्हणजे दुसऱ्यांदा मग वर धरण्यासारखंच. फाटकाची कडी खाली-वर करून ते परत आले.

पुढे काही आठवड्यांनी काका वीजबिलाचं काम घेऊन वीज कंपनीच्या कार्यालयात गेले, तर रांगेत मध्येच एक काळा कोट. काकांची नजर सवयीनं कॉलरच्या वर गेली.

कोणा नव्या सलूनवाल्यानं मशीन फिरवलं होतं. सरळ, सफाईनं, खालून वर. दोष त्याचा नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. साहेब सांगणार तरी कसे? कानामागची ती जागा उघडी पडली होती, भर उजेडात, आणि मालकाला पत्ता नव्हता. मागे उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या मुली एकमेकींना कोपरानं ढोसून तोंडावर हात धरत होत्या. एकीनं फोन बाहेर काढला.

काका रांग सोडून पुढे झाले आणि मुलींच्या आणि कोटाच्या मध्ये घुसले.

“आजोबा, रांग आहे,” एक मुलगी म्हणाली.

“माहीत आहे बाळ.”

“मग मागे जा ना.”

“गुडघे दुखतात गं,” काका म्हणाले. रांग मोडायची त्यांची ही पहिलीच वेळ, त्यामुळे कानांच्या पाळ्या तापल्या. मागून कोणीतरी म्हातारी माणसंच हल्ली जास्त निर्लज्ज झालीत, असं म्हणालं. काकांना ते पटलं. ते आणखी अर्धं पाऊल पुढे सरकले, खुर्चीमागे उभे राहत तेवढ्या अंतरावर, आणि मान किंचित उजवीकडे केली.

समोरची मान ताठ झाली. आपल्या मानेवर पडणारा श्वास माणूस विसरत नसावा. पण वकीलसाहेबांनी वळून पाहिलं नाही. हात मात्र कानामागे गेला, तिथे केस सापडले नाहीत, आणि तो हळूच खाली आला.

त्यांचं काम झालं. ते निघाले. खिडकीतला माणूस काकांना “बोला” म्हणाला, तर काका तसेच कोटामागे निघाले. पायऱ्या उतरताना गुडघा कटकन वाजला. पूर्वी गिऱ्हाइकं त्यावरून चेष्टा करत, की काका, कात्री वाजली की गुडघा? रस्त्यावर वर्दळ होती. काका एक पाऊल मागे, थोडे उजवीकडे, सावलीसारखे चालत राहिले. दमायला झालं, अंतर वाढू लागलं. गुडघा पुन्हा वाजला.

वकीलसाहेबांनी मागे पाहिलं नाही. फक्त आपली चाल कमी केली.